काठातले चौदा धागे

११ जानेवारी, रविवार

बाबा,

हे माझं तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांचं काय झालं ते आईनं फोनवर सांगितलं. उघडलीत, परत घडी घातलीत आणि बटणांच्या डब्यात ठेवलीत. फेकली नाहीत, एवढ्यावर मी खूश आहे. आई म्हणते, तू लिहीत जा, ते बोलत नसले तरी डबा भरतोय.

अक्षर मोठं काढलंय, त्याचा राग मानू नका. इथं बाद झालेल्या छापील अर्जांचे गठ्ठे पडून असतात. मागची बाजू कोरी असते, त्यामुळे कागदाची काटकसर करावी लागत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मला काम शिकायला मिळालं. अर्जात मी तीन पसंती लिहिल्या होत्या: रेडिओ, नकाशे, कार्यालय. पण कागदावरच्या पसंतीला इथं कुणी विचारत नाही, हात बघतात. आम्हाला एका रांगेत बसवलं आणि प्रत्येकीपुढं एक ताट ठेवलं. त्यात नट-बोल्ट, तारेचा तुकडा, कापडाची पट्टी, सुई-दोरा. जे जमेल ते करा म्हणाले. मी विचार करायच्या आधीच सुई उचलली आणि खाली न बघता दोरा ओवला. समोरच्या कारकुनानं मान वर न करता काहीतरी लिहिलं, आणि माझं रेडिओचं स्वप्न तिथंच संपलं.

मी पॅराशूट विभागात आहे. राज्यशास्त्राची पदवी घेऊन, दोन वर्षांची स्वेच्छा सेवा पत्करून, घरापासून चौदा तासांवर येऊन मी शेवटी कापडाच्याच टेबलाशी उभी आहे. तुम्ही हसाल. हसा.

टेबल मात्र आपल्या रफूच्या दुकानाच्या तिप्पट लांब आहे. पॅराशूटला इथं सगळे छत्रीच म्हणतात. एका छत्रीला कापडाच्या चोवीस निमुळत्या कळ्या. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाई दुसराच कुठलासा शब्द सांगत होत्या, माझ्या तोंडून घेरदार झग्याची 'कळी' निघून गेली, आणि आता सगळी खोली कळी म्हणते. कळीवर कळी बसवायची, घसरू नये म्हणून वर शिशाच्या थैल्या ठेवायच्या, प्रत्येक टप्प्याला थांबायचं, बाईंनी पाहिलं की पुढं. थैल्या मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या. शेवटी पिशवीच्या खिशातल्या कार्डावर नाव लिहून सही करायची.

आमच्या प्रशिक्षक बाईंना मुली मागं 'फूटपट्टी' म्हणतात. त्या उभ्या तशाच राहतात आणि हातातही तीच असते. घडी बोटभर चुकली की टेबलाच्या कडेवर टक्. बोलत नाहीत, फक्त टक्. पहिल्या दिवशी तेवढ्या बोलल्या. "ह्या खोलीत परीक्षा एकच. तुम्ही सही केलेली छत्री मी कधीही तुमच्याच पाठीवर चढवायला सांगेन. नाही म्हणावंसं वाटत असेल, तर सही करू नका."

मला हे फार आवडलं. कॉलेजच्या वादस्पर्धेत मी हेच बोलले होते ना, की मागेल त्याला हाताचं काम शिकवलं पाहिजे आणि त्या बदल्यात माणसानं आपली दोन वर्षं सगळ्यांसाठी द्यावीत. तुम्ही त्याला हमाली म्हणालात. पण सेवा संपल्यावर मिळणारं प्रमाणपत्र कुठल्याही तंबूच्या, शिडाच्या, सुरक्षापट्ट्यांच्या कारखान्यात चालतं. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी त्यासाठीच आलीय. ती आधी बेकरीत होती, म्हणून सगळ्या तिला बेकरीवाली म्हणतात. तिच्या हातांवर कोपरापर्यंत भट्टीचे डाग आहेत. छत्रीची घडी घालताना ती म्हणते, खारीचे पदर असेच असतात, फक्त खारी चुकली तर खाऊन टाकता येते.

वकीलसाहेबांच्या कोटाच्या दिवसाबद्दल आज लिहिणार होते. पुढच्या वेळी लिहीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा,

आज एक गंमत सांगायची आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुम्हाला.

उडी मारून आलेल्या छत्र्या इथं एका उंच मनोऱ्यात शेंड्याला टांगून वाळवतात. आत शिरलं की वर बघावंसं वाटतं. बारा पांढऱ्या छत्र्या, मिटलेल्या कळ्यांसारख्या लटकलेल्या, खालचा काठ माझ्या छातीशी. त्यांतलं गवत-काटे वेचायचं काम आज माझ्याकडे होतं. जेवणाची घंटा झाली, सगळ्या गेल्या, मी एक शेवटचा काटा काढत होते, आणि काठापासून हातभर वर मला एक भोक दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

नियम असा आहे की भोकाभोवती खडूनं गोल करायचा, लाल चिठ्ठी लावायची आणि छत्री दुरुस्तीच्या खोलीत पाठवायची. तिथं नारिंगी दोऱ्यानं ठिगळ मारतात. मुद्दाम नारिंगी, लांबून दिसावं म्हणून. पांढऱ्याशुभ्र कापडावर, बाबा. मला तुमचाच आवाज ऐकू आला: दिसला तर तो रफू कसला, ते ठिगळ.

सुई माझ्याजवळ होती. तुमची सवय माझ्यात उतरलीय, कॉलरच्या आतल्या बाजूला. खरं तर दारात एक डबा असतो आणि सुया, पिना, हेअरपिनासुद्धा त्यात टाकून आत यायचं असतं. पण ती तुमची सात नंबरची सुई आहे, त्या डब्यात ती कुणाचीही झाली असती.

तुम्ही शिकवलंत तसंच केलं. ज्या कापडाची जखम, त्याच कापडाचा धागा. काठाच्या आतल्या दुमडीतून, जिथं कुणाची नजर जात नाही तिथून, चौदा धागे ओढून काढले. हे कापड निसरडं आहे, धागा केसाहून बारीक. पण वीस मिनिटांत भोक गेलं. उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, लांबून पाहिलं. मलाच सापडेना.

तुम्ही इथं असतात तर कापड हातात घेतलं असतंत, नेहमीसारखं तोंडाशी नेऊन दोरा दातानं तोडला असतात, दोरा आधीच तोडलेला असला तरी, आणि 'हं' म्हणाला असतात. एवढंच. ते 'हं' मला उत्तरादाखल चालेल. एका अक्षराचं पत्र पाठवा.

८ फेब्रुवारी, रविवार, दुपार

बाबा,

हे पत्र टाकेन की नाही, माहीत नाही.

काल बाईंनी आम्हाला एक फाटलेली छत्री दाखवली. चाचणीसाठी तिला वाळूचं पोतं बांधून खाली सोडलं होतं. काठापासून शेंड्यापर्यंत एक कळी उभी उसवली होती. बाईंनी काठ हातात धरला. कारखान्यात कुणाची तरी कात्री लागून तिथले चार धागे तुटले होते, म्हणाल्या. चार.

"काठ म्हणजे हिची कंबर. वारा भरतो तेव्हा सगळा जोर इथं येतो. घरच्या कपड्यात शिलकीचं कापड असतं, दुमड असते, शिवणीत माया सोडलेली असते. हिच्यात शिलकीचं काही नाही. एकेक धागा कामावर आहे."

मी चौदा काढले.

तेव्हापासून मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करतेय, त्या छत्रीचा नंबर. मी तो पाहिलाच नव्हता. गुरुवारी जेवण झाल्यावर बाराही छत्र्या खाली उतरवल्या आणि तीन टेबलांवर वाटल्या. चार मी बांधल्या, चार बेकरीवालीनं, चार तिसऱ्या टेबलावरच्या मुलीनं, जी फारशी बोलत नाही. बाराही कार्डांवर शिवाय बाईंची तपासणीची सही. त्यांनी पाहिलं आणि त्यांना दिसलं नाही. न दिसण्यासाठीच तर केलं होतं.

उद्या सकाळी त्या बाराच्या बारा उडीसाठी जाणार आहेत.

आज सकाळी कपडे धुताना बेकरीवालीला सांगितलं. तिनं आधी नळ बंद केला. मग म्हणाली, "आभाळाला ठिगळ लावायला निघालीस का? एवढंसं भोक. आणि उडी मारणाऱ्यांच्या पाठीवर एक असते तशी पोटावर जादाची दुसरी असतेच ना." मी म्हटलं, भोकाचं नाही, काठाचं भय आहे. ती बादलीतला कपडा पिळत म्हणाली, "तू बोललीस तर तुझं जाईलच. माझी सही आहे चारांवर. प्रमाणपत्र नाही मिळालं तर मी काय, परत भट्टीपुढं? तुझ्याकडे पदवी आहे. माझ्याकडे हेच आहे." मग नळ सोडला.

ती वाईट नाही. तिचं म्हणणंही खोटं नाही. जेवताना मी मनात म्हणत होते, बारांतली एकच, म्हणजे अकरांना काही होणार नाही. आणि असं म्हणत असतानाच मी ताट बाजूला सारलं. सेवा, जबाबदारी, समाज ह्यांच्यावर मी टाळ्या घेतलेली मुलगी. कप मिळाला होता. तो तुम्ही दुकानात काचेच्या कपाटात ठेवलाय, दोऱ्याची सुटी रिळं ठेवता त्या खणाच्या वर.

इथं एक नर्सताई आहेत. डोंगरात कुणी अडकलं तर उडी मारून जाणाऱ्या पथकात. दोन मुलांची आई. छत्री घ्यायला आल्या की खिडकीशी उभ्या राहून कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, "बरं." जणू त्या नावाशी ओळख झाली. उद्याच्या यादीत त्यांचं नाव पहिलं आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

बाबा,

रविवारचं पत्र ह्याच पाकिटात आहे. आधी ते वाचा.

सोमवारी सकाळी मी खिडकीच्या आतल्या बाजूला होते, छत्र्या उचलून द्यायला. नर्सताई आल्या. कार्ड काढलं, बेकरीवालीचं नाव वाचलं, बरं म्हणाल्या, आणि डावा हात पट्ट्यात घातला. बेकरीवाली माझ्या शेजारीच होती. तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं.

मी म्हणाले, "ताई, ती काढून ठेवा."

पुढचं सगळं फार शांतपणे झालं. मला वाटलं होतं आरडाओरड होईल. बाईंनी खिडकी बंद केली, बाराही छत्र्या टेबलावर ठेवायला लावल्या आणि मला विचारलं, "ह्यांतली कुठलीही एक घालून आत्ता वर जाशील?"

"नाही."

"मग ही जाणार होती," नर्सताईंकडे हात करून त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सुई." मी कॉलरमधून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती कागदात गुंडाळली, वर माझं नाव लिहिलं आणि खणात टाकली.

नर्सताईंनी पट्टा उतरवला, छत्री ठेवली आणि जाताना माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचलं. बरं म्हणाल्या नाहीत.

आता खरं संकट ऐका. तो रफू सापडत नाही. बारा छत्र्या, प्रत्येकीच्या चोवीस कळ्या, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणं. दोन तपासनीस तीन दिवस काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून, भिंग घेऊन बघताहेत. मलाही बघायला लावलं. मी काठाच्या दुमडी उलगडून पाहिल्या, पण सगळीकडं शिवणीखाली धाग्यांची तीच दाटी. एक तपासनीस बाईंना हळूच म्हणाला, ही मुलगी मनाचं तर सांगत नाही ना, काही मुलींना लक्ष वेधायचं असतं. बाई म्हणाल्या, तिला लक्ष नको होतं, हीच तर अडचण आहे. आणि मला म्हणाल्या, "तू भोक बुजवलं नाहीस. आमच्या डोळ्यांत धूळ फेकलीस, आणि तीही इतकी बारीक की चोळूनही निघेना."

वीस तारखेला चौकशी मंडळ बसणार आहे. तोपर्यंत सापडलं नाही, तर बाराही छत्र्या कापून टाकायच्या, आणि कुठली कुणाच्या हातची हे ठरवता येणार नाही म्हणून आम्हा तिघींचीही प्रमाणपत्रं रोखायची. बेकरीवालीनं माझ्याशी बोलणं टाकलंय. खाट बदलून मागितली होती, मिळाली नाही, म्हणून आता पाठ करून झोपते.

म्हणून विचारते. माझा रफू मला सापडत नाही, बाबा. तो कसा शोधायचा?

हे विचारायला मला तोंड नाही, हे कळतं. कोटाच्या दिवसाबद्दल लिहायचं मी तीन पत्रं टाळलं. आता लिहिते.

त्या दिवशी वकीलसाहेब कोट हातात घेऊन, खिशाजवळची रफूची जागा शोधत म्हणाले होते, तुमच्या हाताला तोड नाही. तुम्ही म्हणालात, हात राहू द्या, आमची पदवीधर बघा, पाठीवर ओझी वाहायला निघालीय. तुम्ही हसत म्हणालात. मला ते लागलं. आणि मी म्हणाले, तो कोट मी केलाय. चार वर्षं सगळं मीच करतेय. ह्यांना सुईचं नेढंसुद्धा दिसत नाही.

शेजारी इस्त्रीवाल्या काकांची इस्त्री थांबली. मला अजून तो आवाज थांबलेला ऐकू येतो.

त्यातला शब्दन् शब्द खरा होता, म्हणून मी स्वतःला माफ करत आले. कॉलेजातून आल्यावर मी काम करायचे आणि तुम्ही गिऱ्हाइकाला द्यायचात. आपण दोघांनी ह्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नव्हतं. तोही एक रफूच होता, आपल्या दोघांचा, आणि मी तो भर दुकानात उसवला. मला खरं बोलायचं नव्हतं. मला जिंकायचं होतं.

आणि अक्षर मोठं काढते ते कागद भरपूर आहेत म्हणून नाही. काकांकडून वाचून घ्यायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चि. पोरीस आशीर्वाद.

(अक्षर माझं आहे, बोलणं तुझ्या वडिलांचं. मी नुसती इस्त्री फिरवतोय, सुरकुत्या त्यांच्या. — इस्त्रीवाला काका)

डोळ्यांनी शोधू नकोस. डोळ्यांना सापडू नये म्हणूनच तो करतात. त्यांना दिवे बंद करायला सांग. बोटांचाही उपयोग नाही, सुई धरून धरून आपली बोटं मेलेली असतात. खालचा ओठ घे. कोरडा पुसून घे. डोळे मीट, कापड दोन्ही हातांनी ताण, आणि ओठावरून हळू ओढ, आधी आडवं, मग उभं. कापड गार लागतं. रफू असेल तिथं गार लागत नाही. दुधावर नुकती साय धरते ना, तेवढं जाड लागेल. आणि काठातून धागे काढलेस तिथं उलट, पोकळ लागेल. ती जागा बाईंना आधी दाखव. खरी भीती तिथं आहे, भोकात नाही.

तू डावीकडून सुरू करतेस आणि शेवटचे दोन टाके घाईनं घालतेस. तिथं मला सापडायचा. मी दोरा तोडत नव्हतो. चार वर्षं तुझं एकेक काम असंच तपासून दिलं. दोन टाक्यांचं सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कसं कळलं.

(इथं ते थांबले. मी दोन शर्ट केले.)

वकीलसाहेब परवा दुसरा कोट घेऊन आले. त्यांना म्हटलं, तो हात माझा नव्हता, पोरीचा होता. ते म्हणाले, माहीत आहे, त्या दिवशी ऐकलं. म्हटलं, तिच्याकडून ऐकलंत, माझ्याकडून ऐकलं नव्हतं. न रागावता कोट परत घेऊन गेले. चांगला माणूस आहे.

रफू कोटावर करावा. कोट घालून कुणी आभाळातून उडी टाकत नाही. एवढं शिकवायचं माझ्याकडून राहिलं, कारण एवढं मलाही कधी लागलं नव्हतं.

तुझी पत्रं मी स्वतः वाचली, भिंग लावून, एकेका ओळीला वेळ लागला. अक्षर मोठं का, ते पहिल्याच पत्रात कळलं होतं. राग आला होता.

खाली सही मीच करतोय. ओळीवर आली नाही तर समजून घे.

(ओळीवर आलीय. काका.)

२२ फेब्रुवारी, रविवार

बाबा,

पत्र गुरुवारी सकाळी मिळालं, एकोणिसला. मंडळाच्या आदल्या दिवशी.

मी ते बाईंना तसंच वाचून दाखवलं, काकांच्या शर्टांसकट. तपासनीस हसले. बाई उठल्या आणि स्वतः पडदे ओढले. खोली अंधारल्यावर म्हणाल्या, "एकीपासून सुरू कर."

ओठानं छत्री तपासताना माणूस कसा दिसतो हे मला दिसत नव्हतं, ते बरं. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या, कुणी खुसखुसलं, मग तेही थांबलं. तिसऱ्या छत्रीपर्यंत ओठ बधिर झाला. बाईंनी पाण्याचा पेला आणि कोरडा रुमाल आणून ठेवला. सहावीला मला वाटायला लागलं की सगळीकडेच साय आहे. तेव्हा मी टेबलाशी बसून घेतलं, आणि घाईनं घातलेले ते दोन टाके आठवायचा प्रयत्न केला. त्या दिवशी बाहेर मुलींच्या चपलांचा आवाज आला होता, म्हणून मी घाई केली होती. मला कुणी पाहू नये म्हणून.

नववी छत्री, सतरावी कळी. आधी काठ पोकळ लागला, दातांत फट असावी तसा. मग हातभर वर ती साय. मी डोळे उघडले नाहीत, बोट ठेवलं आणि म्हटलं, इथं. बाईंनी पडदे उघडले. उजेडात कुणालाही काही दिसलं नाही. तपासनिसानं काठाची दुमड उसवली, भिंग लावलं, आणि मग मोजायला लागला. चौदाला थांबला.

कार्ड बेकरीवालीचं होतं. सोमवारी नर्सताईंनी हात घातला होता ती ही नव्हे; आधी मी तोच नंबर ताडून पाहिला. आता हे सांगताना वाटतं, मी ते कशासाठी पाहिलं? ही छत्री दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर जाणारच होती.

बेकरीवाली पुढं आली. तिनं माझ्यासारखंच कापड ताणून ओठावरून ओढलं. आठवड्याभरात माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं: "साय नाही गं, पावाचा पापुद्रा." मग म्हणाली, "माझ्या नावाखाली होतं हे." आणि जागेवर जाऊन उभी राहिली. अजून ती पूर्वीसारखी बोलत नाही. पण पाठ करून झोपत नाही.

मंडळानं अकरा छत्र्या परत वापरात घेतल्या. त्या दोघींची प्रमाणपत्रं अडली नाहीत. माझं अडलंय. छत्र्या बांधायच्या टेबलावरून मला काढलंय. सहा महिने दुरुस्तीच्या खोलीत, पहिल्या धड्यापासून, आणि मग परत परीक्षा. तीत बसू देतील की नाही, तेही तेव्हाच ठरवतील. माझ्या सेवापुस्तिकेत एक ओळ लाल शाईनं लिहिली गेलीय, ती कुठल्याही कारखान्यात माझ्याआधी पोचेल. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "सांगितलंस म्हणून राहिलीस. सांगायला चार दिवस लावलेस म्हणून मागं राहिलीस." मला ह्यात अन्याय दिसत नाही. झोप मात्र लागत नाही. नर्सताईंचा डावा हात दिसतो.

काल त्यांना आवारात गाठून सांगितलं की ती छत्री तुमची नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कुणाची होती?" आणि त्या गेल्या.

दुरुस्तीच्या खोलीत मला पहिली छत्री तीच दिली. रफूभोवतीचा चौकोन कापून काढायचा, काठाची ती जागा कापून नवी पट्टी जोडायची, आणि दोन्हीकडं नारिंगी दोऱ्यानं शिवायचं. जन्मात पहिल्यांदा मी मुद्दाम दिसेल असा टाका घातला. हात ऐकत नव्हता. पहिली ओळ आपोआप बारीक आली, बाईंनी उसवायला लावली. दुसरी जमली. दारातून बघितलं तरी दिसते.

कापलेला चौकोन बाईंकडं मागितला, त्यांनी दिला. ह्या पाकिटात आहे. रफू कुठं आहे त्याची खूण केलेली नाही. काकांना विचारू नका, आईलाही नाही. शेवटच्या दोन टाक्यांशी तुम्हाला सापडेल.

ठिगळाच्या कडेला शिवणारीनं नाव आणि तारीख लिहायची असते. बाकीच्यांची नावं मुंगीच्या पायांसारखी असतात. मी माझं मोठ्या अक्षरांत लिहिलं, तुम्हाला लिहिते तेवढ्या. बाई मागं उभ्या होत्या. फूटपट्टी हातात होती. टक् झालं नाही.